इंग्लंडमध्ये लग्न नेमकं कुठे लावता येईल? बदलू घातलेल्या कायद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्न करू पाहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी हे पान आहे, आणि हॉलचे पैसे भरायला पुण्या-नाशकाहून निघालेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, त्याचं उत्तर खाली स्वतंत्र दिलं आहे. इथली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या प्रकरणात काही गुंता असेल (आधीचा घटस्फोट, व्हिसा, वेगवेगळं नागरिकत्व) तर स्थानिक रजिस्टर ऑफिस (सरकारी विवाहनोंदणी कार्यालय) किंवा वकील गाठा.

कायदा बदलतोय, बदलतोय असं सगळे म्हणतात. नेमकं काय झालंय?

कायदे सुचवणाऱ्या लॉ कमिशनने जुलै २०२२ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या विवाह कायद्यावर मोठा अहवाल दिला. त्यात ५७ शिफारशी होत्या. त्यांचा गाभा एवढाच की लग्न कायदेशीर आहे की नाही हे इमारतीवरून ठरू नये, लग्न लावणाऱ्या व्यक्तीवरून ठरावं. त्यानंतर तीन वर्षं विशेष काही हललं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की सुधारणा करायची आहे. समुद्रकिनारे, ऐतिहासिक वास्तू अशा जागी लग्नाची मुभा मिळेल, ह्युमॅनिस्ट (म्हणजे धर्माशिवाय, मानवतावादी पद्धतीने लागणाऱ्या) लग्नांनाही मान्यता मिळेल, पण आधी लोकांची मतं मागवली जातील आणि मग संसदेत कायदा येईल.

घोषणा म्हणजे कायदा नव्हे. नवा कायदा संसदेत मंजूर होऊन लागू होईपर्यंत १९४९ चा मॅरेज ॲक्टच चालतो.

आजचा नियम काय आहे?

तीन मुख्य वाटा आहेत. रजिस्टर ऑफिसात जाऊन लग्न. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेने, मंजूर केलेल्या जागेत (हॉटेल, जुना वाडा, धान्याचं कोठार, स्टेडियम, काहीही) रजिस्ट्रारला बोलावून नागरी लग्न. किंवा धार्मिक लग्न, पण ते चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये किंवा विवाहासाठी नोंदलेल्या प्रार्थनास्थळात.

मंजूर जागेसाठी पक्कं, न हलणारं बांधकाम लागतं, किंवा कायमचं नांगरलेलं जहाज. शिवाय ती जागा लग्नांसाठी लोकांना नियमित उपलब्ध असावी लागते. तुमचं राहतं घर बसत नाही ते यामुळेच. १ जुलै २०२१ पासून मंजूर जागेच्या आवारात, उघड्यावरही नागरी लग्न लावता येतं. ती सोय कोविडच्या काळात तात्पुरती आली आणि २०२२ मध्ये कायम झाली. पण हॉटेलची हिरवळ चालते ती हॉटेलची इमारत मंजूर आहे म्हणून. शेजारच्या सार्वजनिक बागेत तेच लग्न कायद्याला दिसत नाही.

म्हणजे हॉटेलात होम केला, सप्तपदी झाली, चारशे माणसांनी अक्षता टाकल्या, तरी ते लग्न नाही?

कायद्याच्या नजरेत नाही. ही गोष्ट आपल्या लोकांना पचत नाही, कारण आपल्याकडे नेमकं उलट आहे. भारताच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विधी हेच लग्न. सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं, मग ते मंगल कार्यालयात असो, अंगणात असो वा देवळाच्या ओसरीवर. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तर स्पष्टच सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. इंग्लंडमध्ये कागद आहे आणि विधी नाहीत तरी लग्न झालं. विधी आहेत आणि कागद नाही, तर काहीच झालं नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. लंडनमधल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये पुरोहिताने लावलेलं हिंदू लग्न वारसाहक्काच्या वादात न्यायालयापुढे आलं, तेव्हा २००१ मध्ये ते लग्नच नव्हे असा निकाल लागला. लंडनच्याच एका रेस्टॉरंटमधल्या निकाहबद्दल २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तेच म्हटलं. अशा लग्नात घटस्फोट मागता येत नाही आणि पोटगी किंवा मालमत्तेच्या वाटणीसाठी पती-पत्नी म्हणून न्यायालयात उभं राहता येत नाही. जोडीदार मृत्युपत्र न करता गेला तर वारस म्हणून नावही लागत नाही. इतकी वर्षं एकत्र राहिलो म्हणजे आपोआप नवरा-बायको झालो, असाही समज इथे खूप आहे. तसा कायदा इंग्लंडमध्ये नाही.

फटका बहुतेक वेळा बाईला बसतो. ‘रजिस्टर नंतर करू, आधी फंक्शन उरकू’ असं सासरी ठरतं आणि ते नंतर कधी येत नाही. पान पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी करा, रजिस्टर आधी उरका.

इमारतीचा एवढा हट्ट कशासाठी?

चोरून लागणारी लग्नं थांबवायची होती. १७५३ चा कायदा, जो लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने ओळखला जातो, त्याने लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्येच आणि जाहीरपणे लागलं पाहिजे असं ठरवलं. ज्यू आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) यांना तेवढी सूट मिळाली, आणि ती आजही आहे. म्हणून ज्यू लग्न बागेत किंवा हॉटेलात लागलं तरी कायदेशीर असतं. त्याच हॉटेलच्या पलीकडच्या हॉलमध्ये लागलेलं हिंदू लग्न मात्र नसतं. भेदभाव करायचा म्हणून कुणी हे लिहिलं नाही. अडीचशे वर्षांपूर्वी देशात जे होते त्यांची सोय झाली, नंतर आलेल्यांनी आपापलं बघावं असा एकूण मामला.

कायदा १७५४ मध्ये लागू झाल्यावर घरच्यांचा विरोध असलेली तरुण जोडपी घोडागाडीने थेट सीमेपलीकडे स्कॉटलंडला पळू लागली, कारण तिथे हे नियम नव्हते. सीमेलगतचं ग्रेटना ग्रीन हे गाव त्यातूनच प्रसिद्ध झालं. लोहार ऐरणीपुढे उभं करून लग्न लावायचे. कायद्यामुळे लग्नाची जागा बदलते याचं याहून जुनं आणि ठसठशीत उदाहरण सापडणार नाही, आणि आजही लोक तिथे हौसेने लग्न करायला जातात.

१८३६ मध्ये रजिस्टर ऑफिसं आली आणि कॅथलिक वगैरे इतरांना आपापली प्रार्थनास्थळं नोंदवायची परवानगी मिळाली. मग १९९४ च्या कायद्याने हॉटेलं आणि गढ्या मंजूर होऊ लागल्या. आज इंग्लंडमध्ये ‘वेडिंग व्हेन्यू’ नावाचा जो भलामोठा धंदा दिसतो, तो या एका दुरुस्तीवर उभा राहिला आहे.

सुधारणा आली तर कुठे लग्न लावता येईल?

शिफारशींप्रमाणे जवळपास कुठेही. घर, मागची बाग, गावचा कम्युनिटी हॉल, जंगल, किनारा, शेत. जागेला आधी मंजुरी घ्यावी लागणार नाही. जागा सुरक्षित आणि प्रसंगाला शोभेल अशी आहे ना, हे लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीने बघायचं.

मराठी जोडप्यांच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल दुसरा आहे. आज मंजूर हॉटेलातल्या नागरी लग्नात धार्मिक काही चालत नाही. स्तोत्र नाही, धर्मग्रंथातलं वाचन नाही, विधी नाही. एखाद्या कवितेत देवाचा ओझरता उल्लेख असला तर खपून जातो, पण मंगलाष्टकं नाहीत. लॉ कमिशनचं म्हणणं असं की लग्न नागरी आहे हे ओळखू येत असेल तर जोडप्याच्या इच्छेने त्यात धार्मिक भाग असायला हरकत नाही. आणि पूर्ण धार्मिक लग्नही नोंदलेल्या इमारतीबाहेर कायदेशीर व्हावं. म्हणजे मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला आणि रीतसर संमती व्यक्त झाली, की त्याच मांडवात, त्याच घटकेला कायद्यानेही लग्न लागेल.

मग घरामागच्या बागेतच मांडव घालू का?

कायदा आला तर घालता येईल. पण विवाहाचा कायदा बदलला म्हणून बाकीचे कायदे बदलत नाहीत, आणि खर्च नेमका तिथेच असतो.

आपल्याच घरी पाहुण्यांना दारू फुकट दिली तर परवाना लागत नाही. बार लावून विकायची असेल तर लागतो. तात्पुरत्या कार्यक्रमासाठी कौन्सिलला ‘टेम्पररी इव्हेंट नोटिस’ द्यायची सोय आहे. फी २१ पौंड, अर्ज निदान १० कामाचे दिवस आधी, आणि एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसं नकोत. या ४९९ मध्ये वाढपी आणि डीजेही मोजतात. मराठी लग्नाची यादी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण आपली यादी पहिल्या बैठकीत दोनशेची असते आणि पत्रिका छापायच्या वेळी किती होते ते आपण जाणतोच.

आवाजाची तक्रार शेजारी कौन्सिलकडे करू शकतात. ढोल-ताशा आणायचा असेल तर दोन्ही बाजूच्या घरी जाऊन आधी सांगून या, सोबत लाडू न्या. पार्किंग हा दुसरा घोळ, आणि तिसरा स्वच्छतागृहांचा. दीडशे माणसांना घरातलं एक बाथरूम पुरत नाही, भाड्याने आणावी लागतात. तंबू, जनरेटर, विमा आणि पावसाची तजवीज धरली की ‘घरी करू, स्वस्तात होईल’ हा हिशेब बऱ्याचदा उलटतो. चाळीस-पन्नास माणसांचं लग्न असेल तर मात्र घरासारखी जागा नाही.

किनारा असो वा जंगल, जमीन कुणाची तरी असतेच. मालकाची, कौन्सिलची किंवा नॅशनल ट्रस्टसारख्या संस्थेची परवानगी लागणारच. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून मुहूर्त काढणं ही गुरुजींसाठी नवी विद्या ठरेल.

होमाचं काय?

नागरी लग्नापासून वेगळ्या केलेल्या होमाला विवाहाचा कायदा आजही आड येत नाही, आड येते ती अग्निसुरक्षा. बरेच हॉटेलवाले होमाला नाही म्हणतात. काही जण त्या दालनाचा धूरसूचक तात्पुरता बंद करून, अग्निशामक घेतलेला माणूस शेजारी उभा ठेवून परवानगी देतात आणि त्याचे पैसे लावतात. भारतीय लग्नांची सवय असलेल्या हॉलमध्ये हा प्रश्न येत नाही. उघड्यावरच्या लग्नांना मुभा मिळाली तर होमाची सोय आपोआप होईल, आणि माझ्या मते आपल्या लोकांना या सुधारणेचा खरा उपयोग किनाऱ्यावरच्या फोटोंपेक्षा इथे आहे. लाजाहोमाला पुरेसा अग्नी असेल आणि डोक्यावर पाणी शिंपडणारी यंत्रणा नसेल, अशी जागा निवडता येईल.

आमचे गुरुजी लग्न लावणारे अधिकृत अधिकारी होऊ शकतील?

प्रस्तावित पद्धतीत धार्मिक संस्था आपल्या लोकांची नावं पाठवतील आणि ती व्यक्ती योग्य आहे ना, तिला कायद्याची माहिती आहे ना, हे पाहून नोंद होईल. म्हणजे गुरुजींना कुठल्यातरी संस्थेचा आधार लागेल. गुजराती आणि दक्षिण भारतीय समाजाची मोठी मंदिरं इथे आहेत, त्यांना ते सोपं जाईल. मराठी लग्नं लावणारे गुरुजी बहुतेक नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पौरोहित्य करणारे, कुठल्याच संस्थेत नसलेले असतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण ती सांस्कृतिक संस्था आहे, देवस्थान नाही. आपल्या संस्थांनी या प्रश्नावर आत्ताच बोलायला सुरुवात करायला हवी. कायदा आल्यावर धावपळ करून नावं नोंदवत बसलं तर पहिली काही वर्षं आपण जिथे आहोत तिथेच राहू.

पुण्याला ज्ञानप्रबोधिनीत शिकलेल्या स्त्री पुरोहितांना खास बोलावणारी घरंही आहेत. त्यांना पाहुण्या म्हणून विधी सांगता येतील, पण कायदेशीर जबाबदारी नोंदलेल्या व्यक्तीचीच राहील आणि ती समोर हजर लागेल. व्हिडिओवरून मंगलाष्टकं म्हणता येतात, लग्न लावता येत नाही.

सध्याच्या कायद्यात नागरी आणि वैदिक लग्न एकाच दिवशी, एकाच जागी होईल का?

होतं, आणि बरेच जण तसंच करतात. जागा मंजूर हवी. रजिस्ट्रारची वेळ सकाळी घ्या. ठरावीक वाक्यं बोलून आणि दोन साक्षीदारांसह सह्या करून ते वीस-पंचवीस मिनिटांत मोकळे होतात. ते गेल्यावर वैदिक विधी सुरू करा. दोन्ही समारंभ एकमेकांत मिसळलेले दिसता कामा नयेत, म्हणून शक्य असेल तर नागरी भाग वेगळ्या दालनात ठेवा. मांडवात, गणपतीच्या मूर्तीपुढे उभं राहून रजिस्ट्रारला बोलावू नका, ते नकार देऊ शकतात.

रजिस्ट्रारला बाहेर बोलावण्याची फी कौन्सिलगणिक वेगळी असते आणि शनिवार-रविवारी कित्येकशे पौंडांत जाते. ती वाचवायची तर आदल्या आठवड्यात घरच्या चार माणसांसह रजिस्टर ऑफिसात लग्न करा. मग सोहळ्याची जागा मंजूर आहे की नाही याने काही फरक पडत नाही. शाळेचा हॉल, क्रिकेट क्लब, मैदानातला तंबू, जिथे परवडेल तिथे मांडव घाला. कायदा बदलायची वाट न बघता जागेचं स्वातंत्र्य हवं असेल तर आज हाच मार्ग आहे. ‘दोन लग्नं कशाला’ असं आजी विचारेल. साखरपुडा वेगळा करतोच की, असं सांगा.

लग्न करणार असल्याची नोटीस रजिस्टर ऑफिसला दिली आणि नंतर हॉल बदलला तर?

नव्याने नोटीस द्यावी लागते, फीसकट. नोटिशीत लग्नाची जागा लिहिलेली असते. जिथे राहता तिथल्या रजिस्टर ऑफिसात दोघांनी स्वतः जाऊन नोटीस द्यायची, त्याआधी निदान सात दिवस त्या भागात राहिलेलं असावं लागतं, आणि नोटिशीनंतर २८ दिवस थांबायचं. परदेशी नागरिकत्व असेल तर हा काळ ७० दिवसांपर्यंत वाढू शकतो. नोटीस वर्षभर चालते. म्हणून हॉल पक्का झाल्याशिवाय नोटीस देऊ नका, आणि मुहूर्त अगदी जवळचाही धरू नका.

जोडीदार भारतातून येणार आहे. साध्या व्हिजिटर व्हिसावर चालेल?

नाही. लग्न करून परत जायचं असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा, इथेच राहायचं असेल तर फियान्से व्हिसा. दोन्ही व्हिसा सहा महिन्यांचे, त्यातच लग्न उरकावं लागतं, म्हणून आधी व्हिसा, मग हॉलची आगाऊ रक्कम. वयाची अट २७ फेब्रुवारी २०२३ पासून दोघांनाही १८ पूर्ण अशी आहे, आईवडिलांच्या संमतीनेही त्याआधी नाही.

स्कॉटलंडला जाऊन केलं तर?

चांगला पर्याय आहे आणि कित्येक जणांना माहीतच नसतो. तिथला १९७७ चा कायदा आधीपासून व्यक्तीवर आधारलेला आहे. अधिकृत व्यक्ती असेल तर डोंगरावर, तळ्याकाठी, किल्ल्यात, कुठेही लग्न कायदेशीर. ह्युमॅनिस्ट लग्नं २००५ पासून मान्य आहेत. धार्मिक लग्न लावणाऱ्याला तात्पुरती परवानगी मिळवायचीही सोय आहे, त्यामुळे गुरुजींना सोबत नेऊन सप्तपदीलाच कायदेशीर लग्न करता येतं. त्यासाठी गुरुजींचा अर्ज बराच आधी जायला हवा. नोटीस निदान २९ दिवस आधी द्यायची आणि सह्या झालेला कागद तीन दिवसांत रजिस्ट्रारकडे परत करायचा. इंग्लंडच्या सुधारणेनंतर काय होईल याचा अंदाज हवा असेल तर स्कॉटलंडकडे बघा. तिथे सगळे लोक किनाऱ्यावर धावले नाहीत, हॉटेलं ओस पडली नाहीत.

हॉटेलं आणि हॉल स्वस्त होतील का?

थोडाफार फरक पडेल, पण फार आशा धरू नका. मंजूर जागांची मक्तेदारी कमी होईल आणि गावचे हॉल, शेतं, क्लब बाजारात उतरतील. छोट्या लग्नांना त्याचा फायदा होईल. तीनशे माणसांचं जेवण, केळीच्या पानावरची पंगत, पार्किंग आणि कोरडं छप्पर एकत्र हवं असेल तर त्याच मोजक्या मोठ्या हॉलना पर्याय नाही, आणि त्यांना ते ठाऊक आहे.

बोटीवर लग्न?

ब्रिटिश झेंड्याच्या क्रूझ जहाजावर भर समुद्रात कायदेशीर लग्न लागत नाही. क्युनार्ड कंपनीने २०११ मध्ये आपल्या जहाजांची नोंदणी बर्म्युडाला हलवली, त्यामागे समुद्रावर लग्नं लावता यावीत हेही एक कारण होतं. लॉ कमिशनने ही अडचणही दूर करायला सांगितली आहे.

आम्ही दोघी मुली आहोत. आमच्यासाठी काही बदलेल?

नागरी लग्न मार्च २०१४ पासून तुमच्यासाठी खुलं आहे आणि सुधारणेत जागांची जी मुभा येईल ती तुम्हालाही मिळेल. धार्मिक लग्न त्या संस्थेची तयारी असेल तरच होतं, आणि ते बदलायचा प्रस्ताव नाही. वैयक्तिकरीत्या तयार असलेले गुरुजी मिळतात. मग वर सांगितल्याप्रमाणे आधी रजिस्टर, नंतर विधी.

भारतातच लग्न करून आलो तर इथे पुन्हा करावं लागेल?

नाही. जिथे झालं तिथल्या कायद्याने वैध असलेलं लग्न इंग्लंडमध्ये सामान्यतः मान्य असतं. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र घेऊनच या, व्हिसापासून बँकेपर्यंत तेच मागतात. एक जण हिंदू (या कायद्यात बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच येतात) नसेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही, १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात ३० दिवसांची नोटीस आहे आणि दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस मुक्काम हवा, म्हणजे दोन आठवड्यांची सुट्टी पुरत नाही. गोव्याच्या रिसॉर्टवर किनाऱ्यावरचा समारंभ करून ते कायदेशीर लग्न समजू नका. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला वेगळा नागरी कायदा आहे आणि तिथे आधी नोंदणी कार्यालय.

दीड-दोन वर्षांनंतरचा मुहूर्त आहे. नवा कायदा येईल या भरवशावर शेतावरचा तंबू बुक करू का?

बुक करा, पण कायद्याच्या भरवशावर नको. रजिस्टर ऑफिसातली तारीख सोहळ्याच्या आधीची घेऊन ठेवा. मध्येच कायदा आला आणि गुरुजींची नोंद झाली तर ती रद्द करता येईल. तंबूवाल्याशी करार करताना आगाऊ रक्कम किती परत मिळते आणि तारीख पुढे ढकलता येते का ते लिहून घ्या. ‘आमच्याकडे कायदेशीर लग्न होतं’ असं कुणी तोंडी सांगितलं तर कौन्सिलच्या मंजूर जागांच्या यादीत नाव आहे का ते स्वतः बघा. यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते, फोन केला तरी सांगतात.